पाठीवरची बॅग आणि आमचे दाजी

लासूर स्टेशनला एका आडत व्यापाऱ्याकडचं लग्न होतं. नवरीचा मामा तिला घेऊन अंतरपाटापाशी पोचला आणि माझ्या जुन्या कॅमेरा बॅगेचं बूड उसवलं. फ्लॅश खाली, त्याच्यामागं सेल, त्याच्यामागं लेन्स पुसायचं फडकं. नशीब, खाली सतरंजी होती. भटजींनी मंगलाष्टक थांबवलं नाही, मीही फोटो काढायचा थांबलो नाही. एका पायानं सगळं सामान टेबलाखाली सारलं आणि काम उरकलं.

ती बॅग छावणीतल्या एका कारागिरानं शिवली होती. तो मिलिटरीवाल्यांच्या खोळी, पट्टे शिवायचा. जाड हिरवं कॅनव्हास, खांद्याला चामड्याचा पट्टा, वरून झाकण, झाकणाला दोन बकलं आणि आत लोकरीच्या जाड नमद्याचे कप्पे. तिचं कौतुक करणारे मला पुष्कळ भेटले. "आता अशी वस्तू मिळत नाही," म्हणायचे. त्यांच्यातल्या एकानंही ती कधी खांद्यावर घेऊन बघितली नव्हती. रिकामीच एवढी जड, की आत कॅमेरा आहे की नाही ते उघडून बघावं लागायचं. पावसाळ्यात भिजली की तिला ओल्या बकरीसारखा वास यायचा, आणि जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारची माणसं सरकून बसायची. पण एक होतं. ती पोटावर ओढली, एका हातानं झाकण वर केलं, की हवी ती वस्तू हाताला लागायची. बघावंसुद्धा लागत नव्हतं. फोटोग्राफरला बॅगेकडून याहून जास्त काय पाहिजे असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

कारागीर वारला होता. त्याच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान झालं होतं. म्हणजे नवी बॅग घेणं भाग होतं. आणि हे मी पुढच्या रविवारी ताईच्या घरी, जेवताना, दाजींच्या समोर बोलून बसलो.

ताई माझी मोठी बहीण. दाजी वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर. गंगापूरकडं त्यांची शेती, पण शेतीबद्दल ते कधी बोलत नसत, कारण तिथं त्यांना कोणी विचारत नव्हतं. बाकी सगळ्या विषयांवर बोलत. माझ्या पुतण्यानं कोणती शाखा घ्यावी, आमच्या बोअरला पाणी का लागत नाही, डॉक्टरनं आईला दिलेली गोळी कशी चुकीची आहे. डिजिटल कॅमेरे नुकतेच आले होते, तेव्हा त्यांनीही एक खिशात मावेल असा घेतला होता. तेवढ्यावर मला ते "आपल्या लाईनीत" असं म्हणायला लागले होते.

"खांद्यावरची बॅग?" दाजींनी घास हातातच थांबवला. "मेहुणे, ते डिझाइन जुनं झालं. पुण्यात बघा तुम्ही. एक जण घालत नाय. सगळे पाठीवरची घालतात."

"पाठीवरची कॉलेजच्या पोरांना ठीक आहे," मी म्हणालो. "मला लग्नात दर दोन मिनिटाला लेन्स काढावी लागते."

"तेच तर. कप्पे असतात तिच्यात. ज्याची त्याची जागा. आमच्या कंपनीत बघा, पाना जागेवर नसला की लाईन बंद."

"पण पाठीवरून काढायची कशी?"

"काढायची नाय. सवय लावून घ्यायची," दाजी म्हणाले आणि घास तोंडात टाकला. विषय त्यांच्यापुरता संपला.

बॅग पाठीवर असताना पाठीमागचा कप्पा उघडायची सवय माणसाला कशी लागते, हे मी विचारणार होतो. पण ताईनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी भाकरीच मोडायला घेतली.

चार दिवसांनी मी पैठण गेटजवळच्या दुकानात गेलो, तर दाजी आधीच तिथं उभे. ताईकडून कळलं असणार. दुकानदारानं काउंटरवर दोन बॅगा ठेवल्या होत्या. एक खांद्यावरची, माझ्या जुन्या बॅगेच्याच घाटाची. फक्त कापड हलकं, बकलांच्या जागी व्हेल्क्रोची चिकटपट्टी. दुसरी पाठीवरची. काळी, फुगीर, छातीवर एक पट्टा, कमरेला एक पट्टा, आणि बाहेरच्या अंगानं अर्ध्या गोलात फिरणारी चेन. चेन उघडली की अख्खा पडदा सुटकेससारखा खाली पडायचा. आत चौकोनी कप्पेच कप्पे. एखाद्या आयुर्वेदिक दुकानाची फडताळं असावीत तसे.

मी खांद्यावरची उचलली. झाकण उघडलं, मिटलं. चांगली होती.

"ठेवा ती," दाजी म्हणाले. "ओ, यांना ही चढवा."

आणि त्या भरल्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, दाजींनी ती काळी बॅग माझ्या पाठीवर चढवली, छातीचा पट्टा आवळला, कमरेचा आवळला, आणि मला म्हणाले, "चाला." मी दरवाज्यापर्यंत गेलो आणि परत आलो. एक गिऱ्हाईक हसू दाबत होतं.

"कसं वाटतं?"

"बैलाला झूल घातल्यासारखं."

"वजन जाणवलं का? नाय ना? हे डिझाइन हाय, मेहुणे. तुमच्या त्या पिशवीनं माणूस एका अंगाला कलतो."

दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "दोनों अच्छे हैं साहब. ये भी जाता है, वो भी जाता है." धंदा करणाऱ्या माणसाचं मत असंच असतं. मी त्याला दोष देत नाही.

तेवढ्यात माझ्या कानाला फोन लागला, पलीकडं ताई. दाजींनीच लावून दिला होता. "घे की रे," ती म्हणाली. "ते दोन दिवस झाले त्याच्यावरच बोलतायत. त्यांचं मन राहील."

दाजींचं मन राहावं म्हणून मी ती बॅग घेतली. दाजींनी दुकानदाराशी हात मिळवला, जणू काही विकली त्यांनीच.

पुढचे दोन महिने मी त्या बॅगेत कसे काढले ते मला माहीत. लेन्स बदलायची तर छातीचा पट्टा सोडा, कमरेचा सोडा, बॅग उतरवा, जमिनीवर आडवी ठेवा, चेन फिरवा. तोवर हार घालून झालेला असायचा आणि नवरा-नवरी तोंड फिरवून दुसऱ्याशी बोलत असायचे. एक-दोनदा तर मी त्यांना परत हार घालायला लावला. मला खेड्यातल्या लग्नांची कामं जास्त. तिथं लोक सरळ बोलतात. एका म्हाताऱ्या बाईनं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "काय रं बाबा, मंडपात फवारणी हाय का?" तिला तो कपाशीवर औषध मारायचा पंप वाटला होता. माझ्या बॅगेविषयी एवढं अचूक मत मी नंतर कुठंही ऐकलं नाही. दिवसभर त्या मंडपात मला "पंपवाले" म्हणून हाका मारत होते.

मग बिडकीनचं लग्न आलं. दाजींच्या चुलत भावाची मुलगी. काम मला दाजींनीच मिळवून दिलं होतं, त्यामुळे ते माझ्या स्कूटरवर मागं बसून आले आणि वाटभर मला बिडकीनच्या लोकांचे फोटो कसे काढायचे ते सांगत आले.

नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला. पुढं बँड, त्याच्यापुढं नाचणारी मंडळी, रस्त्यावर धूळ. मी कडेला उभा राहून गर्दीचे फोटो घेत होतो, तेव्हा माझ्या पाठीवर काहीतरी ओढल्यासारखं झालं. वळून बघतो तर दाजी. बरोबर त्यांचे तीन पाहुणे, पांढरे कपडे, नव्या टोप्या.

"हलू नका, मेहुणे," दाजी म्हणाले. "यांना दाखवतोय."

"काय दाखवताय?"

"कप्पे." चेन सर्र आवाज करत फिरली. "हे बघा पाव्हणं. ही लेन्स. ही दुसरी. ज्याची त्याला खोली. मीच घ्यायला लावली ह्यांना."

"दाजी, मिरवणूक चाललीय. बंद करा."

"झालंच."

तेवढ्यात पुढून ओरडा झाला. "ओ फोटोवाले! घोडा नाचतोय, या इकडं!" मी पळालो. घोड्याच्या समोर जाऊन रस्त्यात उकिडवा बसलो, खालच्या बाजूनं तीन-चार फोटो घेतले. घोडा अंगावर आला तसा उठून बाजूला झालो. बँडच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नाही. मला सांगितलं ते नवरदेवानं. तो वरून, मुंडावळ्यांच्या मागून, रस्त्याकडं बोट दाखवत होता.

माझी मोठी झूम लेन्स रस्त्यात पडली होती. मी वळलो तोवर घोड्याचा मागचा पाय तिच्यावर पडला होता. उचलली तेव्हा आत काचा वाजत होत्या. पाठीवर हात फिरवला, तर बॅगेचा पडदा जिभेसारखा बाहेर लोंबत होता.

बँड थांबला. लोक जमले. दाजी गर्दी सारत आले, माझ्या हातातल्या लेन्सकडं बघितलं, आणि सगळ्या पाव्हण्यांसमोर, समजावणीच्या सुरात म्हणाले, "चेन नीट लावून घ्यायची ना, मेहुणे. डिझाइनला काय अर्थ मग?"

मला त्या क्षणी राग आला असं मी म्हणणार नाही. रागासाठी समोर बरोबरीचा माणूस लागतो. मला किळस आली. भातात झुरळ निघाल्यावर येते तशी. मी कॅमेरा गळ्यात अडकवला, कार्ड आणि सेल शर्टाच्या खिशात घातले, बॅग उतरवून फुटकी लेन्स आत टाकली, चेन लावली, आणि ती दाजींच्या पाठीवर चढवली. छातीचा पट्टा आवळला. कमरेचाही आवळला. त्यांच्या पोटावर तो मोठ्या मुश्किलीनं पोचला.

"आता ही तुम्ही धरा," मी म्हणालो. "लग्न लागेपर्यंत उतरवायची नाय."

मला वाटलं होतं, लाजतील. ऐन उन्हात, सफारीवर ती काळी झूल घालून, आपल्या भावकीत फिरावं लागेल. चारचौघांत शोभा होईल. मी दाजींना इतकी वर्षं ओळखत होतो, तरी मला तसं वाटलं, याचंच मला नवल वाटतं.

दाजी खुलले. पट्ट्यांत अंगठे अडकवून ते मंडपात शिरले. बायका पदर सावरून त्यांच्यापुढं उभ्या राहायला लागल्या. "साहेब, आमचा एक घ्या की," असं म्हणत एक कुटुंब त्यांच्यामागं लागलं. दाजींनी त्यांना रांगेत उभं केलं, उंच माणसं मागं घातली, एका आजोबांची टोपी सरळ केली, आणि मग माझ्याकडं बघून चुटकी वाजवली. "घ्या, मेहुणे."

मी फोटो घेतला. काय करणार? लोक तयार उभे होते.

उरलेलं लग्न मी एका साध्या लेन्सवर काढलं. जवळ जायचं असलं की पायानं जवळ जायचो. काम काही वाईट झालं नाही. पंगतीला मुलाच्या वडिलांनी दाजींना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. "फोटोग्राफर साहेबांना आधी वाढा रे, उन्हात लई फिरलेत." मला कोणीतरी शेवटच्या पंगतीत बसवलं. तिथं बुंदी संपली होती.

त्या दिवशी मी बॅग परत घेतली नाही. आतलं सामान, फुटक्या लेन्ससकट, काढून घेतलं आणि निघून आलो. दाजी कसे आले ते मी विचारलं नाही. मग मी ताईच्या घरी जाणंच बंद केलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गेलो नाही, नागपंचमीला ती माहेरी आली तेव्हा स्टुडिओत कामाचं निमित्त करून बसलो.

शेवटी ती स्टुडिओतच आली. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

"किती दिवस चालणार रे हे?"

"ताई, त्यांनी एकदा तरी म्हणावं की चेन मी उघडली होती. एवढंच."

"ते म्हणणार नायत."

"मग मी येणार नाय."

तिनं भिंतीवरच्या फोटोतल्या नवरा-नवरीकडं बघितलं. कोण होते ते, तिला माहीत नव्हतं. मग म्हणाली, "तू एक दिवस ऐकलंस तर एवढा फुगलास. मी रोज ऐकते. मिठापासून बाळंतपणापर्यंत, सगळं मीच चुकवलंय. मी कुठं जाऊन बसू?"

तिच्या आवाजात रडं नव्हतं. दुधाचा भाव सांगावा तसं तिनं ते सांगितलं. मी चहा मागवला. तिनं तो सावकाश प्यायला, आणि मग आली होती ते काम सांगितलं. दाजींना बिडकीनच्या लग्नातला एक फोटो हवा होता. मोठा करून, फ्रेम लावून. ज्याच्यात त्यांच्या पाठीवर बॅग आहे तो.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. "देऊ?"

"दे," ताई म्हणाली. आणि मग, बऱ्याच वर्षांनी, मी तिला तोंडावर पदर धरून हसताना बघितलं.

मी मोठा करून दिला. चांगला निघाला होता. ऊन एका बाजूनं, मागं मांडवाचा पिवळा पडदा, आणि फोटोसाठी रांगेत उभ्या माणसांसमोर दाजी, पट्ट्यांत अंगठे अडकवून, बॅग दिसेल असे जरा तिरके, मान वर करून.

त्यानंतर मी पैठण गेटला जाऊन ती खांद्यावरची बॅग घेतली. तिच्यावर मी पंधरा-वीस वर्षं काम केलं आणि माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला. शिंपी माप घेताना म्हणतो, "साहेब, सरळ उभे राहा," आणि मी सरळच उभा असतो. दाजींचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरलं. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहे. दिवाळीला मी जातो, ताई फराळ देते, मी त्या भिंतीकडं पाठ करून बसतो. मागच्या वर्षी त्यांच्या कंपनीतला कुणी नवा माणूस आला होता. त्यानं फोटो बघितला आणि विचारलं, "सर, तुम्ही फोटोग्राफी करता?"

दाजींनी करंजीचा तुकडा तोंडात टाकला. "पूर्वी करायचो," ते म्हणाले. "आता हे बघतात." आणि माझ्याकडं हात केला.