उघडा फिल्टर
डांबरी रस्त्यावर मळणीसाठी सोयाबीन पसरलं की चाकांखाली शेंगा फुटतात आणि भुश्शाचा कोरडा, घशात खवखवणारा वास सुटतो. त्या वासानं मला माझी जुनी मोटारसायकल आठवते. कॉलेजात असताना मी तिचा कंपनीचा एअर फिल्टर डब्यासकट काढून लातूरहून आणलेला उघडा, चकचकीत फिल्टर बसवला होता. गाडी अशी गुरगुरायची की गावात पारावर बसलेल्यांच्या माना वळायच्या. पोरीनं गाडी चालवावी हेच त्यांना आधीपासून खुपत होतं. एका दुपारी अहमदपूरहून येताना मी रस्त्यावरच्या सोयाबीनवरून गाडी घातली. पुढच्या ट्रकनं उडवलेला भुस्सा फिल्टरवर बसला आणि गाडी खोकत खोकत बंद पडली. मागून काका त्यांच्या साध्या गाडीवर आरामात आले. "काढून टाक ते खूळ. आधीपेक्षा जास्त पळती का?" "न्हाई." "ॲव्हरेज वाढलं?" "उलट कमी झालं." "मंग फायदा काय त्याचा?" मी फिल्टर काढला, हातावर आपटून भुस्सा झाडला, ओढणीनं पुसला आणि त्यांच्यादेखत परत घट्ट आवळला. "काका, पारावरचे काय बोलायलेत ते ह्याच्या आवाजात मला ऐकू येत न्हाई." किक मारली आणि मुद्दाम खालच्या गिअरवर, गुरगुरत पारासमोरून गेले. आता माझी स्कूटर बॅटरीवर चालते. तिला ना फिल्टर, ना आवाज. पार जवळ आला की मी हॉर्नवर अंगठा ठेवते, आणि पार संपेपर्यंत उचलत नाही.