मागे बांधलेले हात

राग आला की सिस्टर दोन्ही हात पाठीमागे न्यायच्या आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून उभ्या राहायच्या. तोंड मात्र मोकळं असायचं. त्या तोंडातून जे निघायचं ते आमच्या नर्सिंग होमच्या तिन्ही मजल्यांवर ऐकू जायचं. नव्या पोरींना वाटायचं, बाई पूर्वी पोलिसात होत्या की काय. मी त्यांना सांगायचो, "हात मागं हायत ना, मग घाबरू नका. नुसता आवाज हाय."

हात मागे का, ते मला ठाऊक होतं. पण ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात माझीही लाज होती. आता सांगतो.

मी तिथे अँब्युलन्स चालवायचो. गाव गव्हाण, स्वभाव आळशी. सिस्टर मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. लग्न केलं नाही, नवीन पनवेलला भाचीसोबत राहायच्या. सकाळी गेटमधून येताना मला "सलाम, भाऊ" म्हणायच्या. चिडल्या की त्याच तोंडानं "ड्रायव्हर!" म्हणायच्या. कसं चाललंय विचारलं की उत्तर ठरलेलं: "कृपा आहे, म्हणून उभी आहे." हे ऐकून ऐकून आमच्या आयांनी त्यांचं नाव कृपाबाई पाडलं होतं, अर्थात पाठीमागे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र त्या मेल्या तरी ड्युटी घेत नसत. त्या दिवशी त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन असे. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, एवढंच ते जेवण, पण त्यासाठी सिस्टर आठवडाभर आधी ड्युटीची अदलाबदल करून ठेवायच्या. सोमवारी परत आल्या की तासाभरात कोणाची तरी हजेरी घेतलेली असे. मी एकदा चिडवलं, "सिस्टर, काल एवढी भक्ती केलीत, जिभेवर काय फरक दिसत नाय."

त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, आम्ही तिथे ॲडमिट आहोत. डिस्चार्ज मिळाला असं कोणी सांगितलं तुला?"

हे झालं तो शनिवार होता. दुपारचे दोन वाजले असतील. वीटभट्टीवर काम करणारी एक कातकरी बाई सकाळीच पोर घेऊन आली होती. आठ-नऊ महिन्यांचं पोर, दोन दिवस जुलाब, डोळे आत गेलेले, रडायचंही बंद झालेलं. सिस्टरांनी तासभर खपून कशीबशी शीर शोधली आणि सलाईन लावलं. मग अंग पुसायला म्हणून फडकं सोडलं, तर पोटावर चार डाग. भगतानं तापलेल्या विळ्यानं दिलेले, पिकायला लागलेले.

पुढचं मी पाहिलं नाही, आयांनी सांगितलं. सिस्टर ओरडल्या आणि त्यांनी भरल्या वॉर्डात त्या बाईच्या थोबाडीत मारली. डॉक्टरांनी सिस्टरांना खाली बोलावून घेतलं. तेवढ्या वेळात बाईनं पोराच्या हातातली सुई उपटली, पोर पदरात गुंडाळलं आणि निघाली.

ती निघाली ती माझ्याच समोरून.

गेटपाशी अँब्युलन्सच्या सावलीत ती क्षणभर टेकली. माझा डबा उघडायचा राहिला होता, मला गाडी झाडाखाली घेऊन निवांत जेवायचं होतं. ती म्हणाली, "दादा, पानी हाय का?" मी म्हटलं, "पानी आत हाय. बाजूला हो, गाडी काढायचीय." तिनं एकदा आत पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उठली आणि नदीकडच्या रस्त्याला लागली. मी गाडी झाडाखाली घेतली आणि जेवलो. भाकरी आणि सुकटीचं कालवण होतं, अजून आठवतं.

डबा संपतोय तोच सिस्टर धावत आल्या. तोंडावरचं रक्त उतरलेलं, पायात एकच चप्पल. "इथून एक बाई गेली का? पोर होतं कडेवर. कुठल्या बाजूला गेली?"

मी म्हटलं, "मी नाय बघितली."

का म्हटलं? तुम्हीही कधी म्हटलं असेल तसंच. एकदा पाणी दिलं नाही, मग पाणी दिलं नाही हे सांगायचं नव्हतं. त्या वेळी खरं बोललो असतो तर दहा मिनिटांत ती सापडली असती. सिस्टर एसटी स्टँडवर गेल्या, बाजारात गेल्या, संध्याकाळपर्यंत भटकल्या. केसपेपरवर पत्ता म्हणून फक्त "वीटभट्टी" लिहिलेलं होतं; कुठली ते नाही, आणि भट्ट्या तर चारी दिशांना. सलाईन काढलेलं ते पोर रात्र काढेल का, हे विचारायची वॉर्डात कोणाची हिंमत नव्हती. मीही नाही विचारलं. घरी गेलो, पण झोप लागली नाही, हे खरं.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार. सकाळी सातला सिस्टर गेटवर उभ्या. चर्चची पांढरी साडी, हातात बायबलची पिशवी, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी.

"गाडी काढ."

"आज तुमचं भोजन ना, सिस्टर?"

"आधी तिच्याकडे जायचंय. तिच्याशी नीट झाल्याशिवाय त्या ताटाला हात लावता येत नाही."

"डॉक्टरांना विचारलं?"

"विचारलं," त्या म्हणाल्या. विचारलेलं नव्हतं, ते मला मागाहून कळलं. तोंडानं सांगायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की बाई नदीकडे गेली. ते काही सांगवलं नाही, पण गाडी मात्र मी सरळ गाढी नदीच्या बाजूला घातली. सिस्टरांनी विचारलं नाही, इकडेच का म्हणून.

पहिल्या भट्टीवर कोणाला काही माहीत नव्हतं. दुसऱ्या भट्टीवर मुकादम आडवा आला. सिस्टरांच्या साडीकडे, पिशवीतून डोकावणाऱ्या बायबलकडे पाहून म्हणाला, "काय, धरम वाटायला आल्या काय? इथं ते चालनार नाय."

मला वाटलं, आता सिस्टर याला सोलून काढतात. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे दोन्ही हात हळूच मागे गेले आणि एका हातानं दुसरा धरला. बायबलची पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली. "पोर बघायला आलेय," त्या म्हणाल्या. "आजारी आहे. जिवंत आहे का, एवढं तरी सांगा."

मुकादमानं बोट दाखवलं.

कच्च्या विटांच्या रांगेआड ती बसली होती. पोर मांडीवर, मान एका बाजूला पडलेली. मी जागीच थांबलो. मला पोराकडे बघवेना. सिस्टर धावल्या नाहीत. दोन पावलांवर जाऊन मातीत गुडघ्यांवर बसल्या, हात अजून मागेच.

"हात लावू का त्याला?"

बाईनं वर पाहिलं. गालावर अजून खूण होती. म्हणाली, "भगतानं डाग दिला, पोर बरा व्हावा म्हनून दिला. तू कशाला मारलंस?"

मी ड्रायव्हर माणूस, अपघात पुष्कळ पाहिलेत. पण असा प्रश्न कोणी कोणाला विचारताना मी पाहिला नव्हता. सिस्टर म्हणू शकल्या असत्या, तुझ्या भल्यासाठी. पोराच्या काळजीपोटी. आम्ही सगळे तेच म्हणतो. त्या म्हणाल्या, "रागानं मारलं. दुसरं कारण नाही. माझं चुकलं."

पोराचा श्वास चालू होता. तो मला आता दिसला, पोट हलत होतं. बाईनं पोर आणखी जवळ ओढलं आणि सिस्टरांकडे बघत राहिली. त्या काळात एकेक क्षण त्या पोराच्या आयुष्यातून जात होता, आणि सिस्टर हात न उगारता, न ओढता, नुसत्या बसून राहिल्या. हिसकावून घ्या ते पोर, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मग बाईची नजर माझ्यावर पडली.

"ह्योच व्हता गेटवर," ती म्हणाली. "ह्याच्याकडं पानी मागितलं. बाजूला हो म्हनला."

सिस्टरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. 'मी नाय बघितली' हे माझे शब्द त्यांना आठवले असणारच. मी त्यांचं बायबल हातात धरून उभा होतो. तिथल्या तिथे जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. पाठीमागे त्यांची बोटं मनगटावर इतकी आवळली गेली की पांढरी पडली.

"गाडीत पाण्याची बाटली आहे," त्या मला म्हणाल्या. "घेऊन ये."

मी धावलो. आणली. बाटली सिस्टरांकडे दिली, तर त्या म्हणाल्या, "मला नको. तिला दे." मी दिली. बाई प्यायली, अर्धी बाटली एका दमात.

"ह्योच गाडी चालवनार?" तिनं विचारलं.

"हाच. त्याला दुसरं काही येत नाही, पण हे येतं."

ती उठली. पोर तिनं कोणाला दिलं नाही, स्वतःच घेऊन गाडीत चढली. सिस्टर शेजारी बसून चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडत होत्या. मी भोंगा लावला आणि आयुष्यात चालवली नाही अशी गाडी चालवली. पुलावर अडकलो तेव्हा आरशात पाहिलं. सिस्टरांचे ओठ हलत होते आणि बाई त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

पोर वाचलं. पाच दिवस राहिलं. मारलं वॉर्डात, म्हणून सिस्टरांनी माफीही वॉर्डातच मागितली, सगळ्या पेशंटांसमोर उभं राहून. डॉक्टर म्हणाले, अहो, कशाला तमाशा. बाई फक्त "बरं" म्हणाली. माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही. जाताना मात्र चपला घालायच्या म्हणून पोर तिनं मिनिटभर सिस्टरांच्या हातात दिलं. पुढे पावसाआधी भट्टी उठली आणि ती माणसं कुठे गेली ते कळलं नाही.

आणि तुम्हाला वाटेल, सिस्टर त्यानंतर शांत झाल्या. कसल्या! ती कातकरी बाई वॉर्डात असतानाच बेडपॅनवरून एका आयाला असं झापलं की ती रडत माझ्याकडे आली. अर्ध्या तासानं सिस्टर तिला शोधत गेटवर, "माझं परत चुकलं गं." हे पुढे वर्षानुवर्षं चाललं. हात मात्र परत कधी सुटला नाही.

मी रोज वाट बघत होतो, मला कधी बोलतात. साधी गाडी धुतली नाही तरी "ड्रायव्हर!" म्हणून आभाळ डोक्यावर घेणारी बाई, पण त्या गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. ते मला सोसेना. पोर घरी गेलं त्या दुपारी मीच गेलो. त्या कापसाचे बोळे करत बसल्या होत्या.

"सिस्टर, शनिवारी मी खोटं बोललो."

"हो."

"मग मला बोला ना काहीतरी."

"काय बोलू? मी आत मारलं, तू बाहेर हाकललंस. दोघांनी मिळून एकच काम पुरं केलं." त्या बोळे करतच राहिल्या. "रविवारी पहाटे मी प्रार्थनेला बसले तेव्हा वाटलं, तोंड लपवून घरात बसावं. मग कळलं की माझी माफी तर प्रभूपाशी आधीच झालेली आहे. त्याच जोरावर तिच्यासमोर जायची हिंमत झाली, भाऊ, नाहीतर मी कसली जाते. एवढं फुकट मिळाल्यावर तुझ्यापाशी कुठल्या तोंडानं हिशेब मागू?"

मी तिथेच रडलो. चाळिशीचा बाप्या, कापसाच्या ढिगासमोर. त्यांनी एक बोळा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "पूस. आणि गाडी धू, घाण झालीय."

गेल्या वर्षी त्या गेल्या. निवृत्त होऊन थोडेच महिने झाले होते. भाचीचा फोन आला, "मावशी म्हणायची, न्यायचं झालं तर भाऊच्या गाडीनं न्या." मी गाडी दोनदा धुतली. चर्चमध्ये पेटी उघडी ठेवली होती. माणसं रांगेनं पुढे जात होती, मीही गेलो. पांढरी साडी तीच.

दोन्ही हात छातीवर ठेवले होते, पुढे, एकावर एक. डावा उजव्याला धरून नव्हता, नुसता टेकलेला होता. बोटं सैल होती.

मी वाकून म्हटलं, "सलाम, सिस्टर. झाला बरं का डिस्चार्ज." मागच्या माणसानं हळूच पुढे सरकायला सांगितलं, तरी मी जरा वेळ तिथेच उभा राहिलो.