मागाचा खड्डा

मागावर बसण्याआधी आप्पा खड्ड्यात काठी आपटायचे. उजव्या कोपऱ्यात, डाव्या कोपऱ्यात, मग मधे. आणि वाकून विचारायचे, "काय हाय काय?"

कुणाला विचारायचे ते कळायचं नाही. खड्ड्यालाच विचारल्यासारखं वाटायचं.

ज्यांनी आमच्या शहापूर-वडगावचे माग पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. माग जमिनीलगत असतो आणि विणकराच्या पायांसाठी त्याखाली खड्डा खणलेला असतो. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तळाच्या लाकडी पावड्या आलटून पालटून दाबतो. हात उजेडात, पाय अंधारात. पाय काय करतात ते कुणी बघत नाही. बघत बसलं तर विणणं होत नाही.

मी घाटाखालचा. शाळा तिसरीत सुटली, वडील गेले, आणि मिशी फुटल्यावर पोटासाठी वर आलो. शहापूर तेव्हा संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांकडे, मधे काय तो एक रस्ता. तो ओलांडतानासुद्धा माझ्या छातीत धडधडायचं. आप्पांनी मला आपल्या घरात दुसरा माग दिला, जेवायला पान दिलं, हातात हात धरून आडव्या सुताचा धोटा फेकायला शिकवलं. पावसाळ्यात मी जेवता जेवता थांबायचो. वाटायचं, तिकडे आईचं घर पडलं असेल. आप्पा म्हणायचे, "पडलं आसंल तर तू उपाशी राहून उभं ऱ्हानार हाय का? जेव गप." आणि मी जेवायचो. हे एवढ्यासाठी सांगतो, की माणूस मुळात भित्रा नव्हता. दुसऱ्याची भीती त्यांना चांगली ओळखता यायची.

एका उन्हाळ्यात त्यांनी पाय खाली सोडला तो पावडीवर वेटोळं घालून बसलेल्या सापावर. गार लागलं. साप चावला नाही, काही नाही. सळसळत भिंतीच्या भोकात गेला. गल्लीतले म्हणाले, नानेटी असेल, बिनविषारी. त्या दिवशी आप्पा स्वतःच हसून सांगत होते, "माज्यापेक्षा त्योच जास्ती भ्याला."

हे लक्षात ठेवा. साप आला त्या दिवशी भीती सगळ्यात लहान होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बसण्याआधी काठी आपटली. कुणीही आपटली असती. काही निघालं नाही. बरं वाटलं. आता तुम्ही म्हणाल, काही निघालं नाही म्हणजे भीती जायला हवी. तसं होत नाही. आप्पांच्या मनानं हिशेब असा केला, की काठी आपटली म्हणून निघालं नाही. मग जेवून आल्यावर काठी, पाणी पिऊन आल्यावर काठी, धोट्यातली सुताची कांडी बदलली की काठी. भोक लिंपून झालं. तर साप आतच कोंडला असेल असं वाटू लागलं. चिमणी पेटवून बघायला लागले. तर चिमणीनं सावल्या हलल्या. शेवटी स्वतःच्या नजरेवर भरवसा राहिला नाही आणि त्यांनी लेकीला हाक मारली.

"गोदे, बघ गं. काय हाय काय?"

गोदी कांड्या भरत बसलेली असायची. उठायची, वाकायची आणि कानडीत म्हणायची, "येनिल्ला, आप्पा." काही नाही. तेवढ्यानं आप्पांचा चेहरा सुटायचा आणि माग चालू व्हायचा. सुरुवातीला त्या एका शब्दावर हातभर कापड निघायचं. मग वीतभर. वर्ष सरता सरता चार बोटं. औषध तेच होतं, गुण तेवढा आटत चालला होता.

गल्लीला हे पर्वणीच झालं. समोरचा रामाण्णा, तोही विणकर, हात गोड आणि जीभ कडू, रोज दारातून ओरडायचा, "आप्पा, आज नागोबाला दूध दिलासा का न्हाय?" कुणी मागाखालून हात घालून चटकन पायाला सुताची लडी लावायचं. आप्पा उडायचे. लोक पोट धरून हसायचे. आप्पाही हसल्यासारखं करायचे, ते बघवत नसे.

आक्का, म्हणजे त्यांची बायको, हसत नसे. ती म्हणायची, "साप एकदा आला नि गेला. माज्या घरात आता तुमीच साप झालाय."

त्यातच गोदीचं लग्न ठरलं. सदलग्याची माणसं, चांगलं घर. आप्पांच्या घरची रीत अशी, की लेकीचं लग्नाचं लुगडं बापानं स्वतः विणायचं. दुसऱ्याचा हात लागलेलं लुगडं नेसून त्या घरातली मुलगी बोहल्यावर उभी राहिली नव्हती. हिरवा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढला. आक्कानं मागाला हळदकुंकू वाहिलं. आणि लुगडं चार चार बोटांनी सरकू लागलं.

मी म्हटलं, "आप्पा, मी हात लावू का?"

"तू?" ते म्हणाले. "तू बाप हाय का तिचा?"

लग्नाची घाई होती, लुगडं अजून निम्म्यातच होतं. एका सकाळी आप्पांनी हाक मारली, "गोदे, बघ गं," आणि गोदी जागची उठली नाही. कांडी भरता भरता म्हणाली, "मी न्हाय बघनार."

"आगं, एकदाच."

"एकदाच बघून एवढं झालंय. तुमी बसा. आसला साप तर मला बी डसंल, मी हितंच हाय." आणि ती आपलं सूत घेऊन त्यांच्या शेजारी, खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली.

आप्पा बसले. पाय खाली सोडताना ओठ पांढरे झाले होते. घाम कापडावर पडू नये म्हणून गोदी पदरानं त्यांचं कपाळ टिपत होती. पावडी दाबली. धोटा गेला. पुन्हा दाबली. पाय असे थरथरत होते, की मागाचा ठोका अडखळायचा. मला वाटलं, आता उठतील. नाही उठले. बराच वेळ भीती चढत गेली आणि मग, मी डोळ्यांनी पाहिलं, ती दमली. कुणी काही न सांगता दमली. ठोका सरळ पडू लागला. दुपारपर्यंत हातभर कापड झालं होतं. आप्पांनी वर बघून चहा मागितला आणि म्हणाले, "च्यायला, ह्ये सोपं हुतं की रं!"

पुढचे दिवस मला त्या घरातले सगळ्यात चांगले दिवस वाटतात. काठी कोपऱ्यात. आप्पा न बघता बसायचे. पहिला धोटा जाईपर्यंत तोंड कसनुसं व्हायचं, मग गाणं म्हणायचे. आक्कानं न मागता त्यांना दुसरी भाकरी वाढलेली मी पहिल्यांदा पाहिली. लुगडं संपत आलं. फक्त पदर राहिला.

रामाण्णाला करमेना. आप्पा जेवायला आत गेले तेव्हा त्यानं येऊन विहिरीच्या पोहऱ्याचा भिजलेला दोर पावडीवर वेटोळं करून ठेवला आणि दाराबाहेर चारसहा जण जमवून उभा राहिला. मी त्या वेळी सूत आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा बाहेरची माणसं तोंडावर हात धरून आत बघत होती.

आप्पा तृप्त होऊन आले. न बघता बसले. न बघता पाय सोडला.

ती किंकाळी मी कुणाच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही. ते उठले ते तसेच मागातून उठले. गुडघा ताण्यात घुसला, वरची चौकट कलली आणि हिरवे धागे तटातट तुटले. विणलेला भाग काठापासून उभा फाटला.

"दोर हाय ओ आप्पा, दोर!" रामाण्णा दोर उंच धरून नाचत होता. "दोराला भ्याला बघा!" सगळे हसत होते. फाटलेलं लुगडं दिसल्यावर एकेक जण निघून गेला. हसणं तेवढं गल्लीत रेंगाळलं.

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. रामाण्णाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. गोदीकडे बघत म्हणाले, "तू बघितलं आसतंस तर? बघायला न्हाय म्हनालीस तू."

गोदी तुटलेली टोकं गोळा करू लागली. ती टोकं जोडण्यासारखी नव्हती.

लग्नाला हिरवं लुगडं हवंच होतं, आणि त्या घाईत शहापुरात तसं तयार लुगडं एकाच मागावर होतं. रामाण्णाच्या. तो स्वतः घेऊन आला. मान खाली घालून नव्हे, मोठेपणानं. आप्पांनी त्याला हात जोडले. रामाण्णाच्या हातचं लुगडं नेसून गोदी बोहल्यावर उभी राहिली आणि आलेल्या बायकांनी काठाचं फार कौतुक केलं.

आप्पा पुन्हा मागावर बसले नाहीत. आक्कानं वाट बघितली, मग एके दिवशी माग मोडून विकला, खड्डा मातीनं भरला, चोपला, वर शेणानं सारवून घेतलं. तिला वाटलं, खड्डाच नाही तर भीती कसली. जमीन इतकी सपाट झाली, की खड्डा होता कुठे ते परक्याला सांगता आलं नसतं.

मी आता त्याच घरातल्या दुसऱ्या, माझ्या मागावर न बघता बसतो. पाय कापतात. कापू देतो, थोड्या वेळानं दमतात. हे मला आप्पांनी शिकवलं, त्या थोड्या चांगल्या दिवसांत. धोटा फेकायला शिकवलं त्याच्याइतकंच ते देणं मोठं आहे.

गोदी दिवाळीला माहेरी आली. तेच हिरवं लुगडं नेसली होती. आप्पा काठी टेकत आले. सारवलेल्या जमिनीवर उजवीकडे आपटली, डावीकडे आपटली, मधे आपटली. लेकीला तिकडचं बरंवाईट काही विचारलं नाही. म्हणाले, "गोदे, बघ गं. काय हाय काय?"

आक्का चुलीपाशी थांबली. मी धोटा हातात धरून थांबलो. गोदीनं बापाकडे बघितलं. मग लुगडं सावरून ती गुडघ्यांवर बसली, त्या सपाट जमिनीवर वाकली, अगदी खोल काहीतरी असल्यासारखं वाकली, आणि म्हणाली, "येनिल्ला, आप्पा."

आप्पांचा चेहरा सुटला. दोन पावलं चालले, आणि पुन्हा काठी उचलली.