चुलीतली राख
थंड राखेचा वास आला की मला पोशेऱ्यातलं ते बंद घर आठवतं. मी तिथे शाळेत शिकवत होतो. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर निघून जायची. अशा मागे राहिलेल्या घरांचे फोटो काढणारी एक बाई आली. भट्टीवर भेटलेल्या एका मावशीनं तिला माझ्याकडे ठेवलेली आपल्या घराची किल्ली घ्यायला सांगितलं होतं. पाहुणी येणार असा निरोप मिळाला म्हणून मी आधीच ते घर झाडलं, चुलीतली राखही उपसून टाकली. चूल पाहून बाईनं कॅमेरा पिशवीत ठेवला. "गुरुजी, मावशी म्हणाली होती, परत यायचं असतं म्हणून राख ठेवून जाते. माझं गाव धरणात गेलं, परत जायचं नव्हतं, तेव्हा माझ्या आईनं चूल पुसून घेतली होती." मी ओशाळलो. म्हटलं, "उकिरड्यावरून आणून टाकतो, कुणाला कळणार?" "मला कळेल," ती शांतपणे म्हणाली आणि मोखाड्याच्या जीपमध्ये बसली. पुढच्या वर्षी, मावशी राख ठेवून पुन्हा भट्टीवर गेल्यावर, ती बाई त्या एका चुलीसाठी परत आली. राखेसकट चुलीचा तो फोटो आज माझ्या भिंतीवर आहे. यात माणूस कुठे आहे, असं लोक विचारतात. मी सांगतो, कामाला गेलाय, येईल.