शांतवनकाकांची टिचकी

शांतवनकाका साळवे कुठलीही वस्तू हातात आली, की तिला टिचकी मारून कान लावत. जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ते तोफगोळ्यांची पितळी नळकांडी तपासायचे. खणखणीत वाजलं की पंचानं, म्हणजे पोलादी ठशानं, छोटा त्रिकोण ठोकायचा, माल पास. ही सवय गेटाबाहेरही सुटली नाही. टरबूज, माठ, शेजाऱ्यांची नवी बादली, काही म्हणून सुटायचं नाही. एकदा एका बारशाच्या जेवणात तर त्यांचं बोट पाळकसाहेबांच्या टकलापर्यंत पोचलं होतं. काकूंनी वेळीच धरलं म्हणून निभावलं.

रविवारी चर्चचा गायनवर्ग त्यांच्याच ताब्यात. पेटीवर मी आणि मागच्या ओळीत सलोमीबाईंचा मुलगा इमानुएल. आवाज रेल्वे इंजिनाचा, सूर स्वतःच्या मर्जीचा. काका हात वर करत.

"रिजेक्ट! काहून रे इमू, गाऊन राहिला का मालगाडी ढकलून राहिला?"

"अच्छा काका, पास कधी करता?"

"सुरात येशील तेव्हा!"

सगळे खो खो हसत आणि इमू सगळ्यांत मोठ्यानं. सलोमीबाई तेवढ्या हसत नसत.

मग इमू फौजेत गेला. लढाई लागली, फॅक्टरीत ओव्हरटाइमला ऊत आला आणि आमच्या चर्चचे चौघे परत आले नाहीत. इमू त्यातलाच एक. पाळकसाहेबांनी चौघांच्या नावांची पितळी पाटी करायचं ठरवलं आणि काम काकांना सांगितलं. सलोमीबाईंनी निरोप धाडला, "माझ्या इमूचं नाव त्यांच्या हातचं नको. जिता होता तोवर रिजेक्टच म्हणत राहिले."

काकांनी दोन दिवस कशालाच टिचकी मारली नाही. काकूंनी मुद्दाम नवा माठ पुढ्यात ठेवला, तरी नाही. शेवटी म्हणाले, "नाव तर मीच टाकीन. वहिनी काय बोलायचं ते बोलू देत."

पाटीवरचा पडदा सरला, तेव्हा सलोमीबाई दाराशीच उभ्या होत्या. चार नावं झकास कोरलेली. पण इमानुएलच्या नावापुढे छोटासा त्रिकोण!

"काका, चर्चमध्ये फॅक्टरीचा शिक्का?" पाळकसाहेब पुटपुटले.

"सवय जी. हात फिरला."

"चलो, घासून टाका."

काका रुमालानं पाटी पुसायला लागले. मला मात्र हसू आवरेना. फॅक्टरीचा पंच गेटाबाहेर येतच नसे. आठवडाभर ओट्यावर बसून, कानस घासघासून काकांनी हुबेहूब तसाच दुसरा घडवला होता. मी स्वतः पाहिलं होतं.

सलोमीबाई तरातरा पुढे आल्या. त्रिकोणावरून बोट फिरवलं. "हा तर पासचा! काहून भाऊ? सुरात तर तो आलाच नाही."

"तो गेल्यापासून आपला गायनवर्ग बद्द वाजून राहिला, वहिनी," काका म्हणाले. "मला उशिरा ऐकू आलं."

सलोमीबाई टक लावून बघत राहिल्या. मग हसल्या, थेट इमूसारख्या, खिडक्या हादरतील अशा. "साहेब, घासायचं नाही!" पाळकसाहेबांना दम भरून त्या मागच्या ओळीत इमूच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

मी पेटी सुरू केली. त्यांनी तोंड उघडलं आणि इमूनं तो सूर कुठून आणला, ते साऱ्या चर्चला कळलं. काकांचा हात सवयीनं वर गेला. पाळकसाहेबांनी डोळेच मिटले. काकांनी हात हळूच खाली घेतला आणि जन्मात पहिल्यांदा सूर सोडून, सलोमीबाईंच्या मागोमाग, डोळे पुसत, गळा फाडून गायला लागले. मीही भाता दणादण हाणला आणि दोघांच्या मागे पेटी पळवली.