कुंकू लागलेलं रिव्हॉल्व्हर

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण आजही ती तपशिलासकट आठवते. नव्वदचं दशक होतं. सिंगापूर पोलिसांत माझी पंधरा वर्षं झाली होती आणि आमच्या डिव्हिजनमध्ये मराठी बोलणारा मी एकटाच होतो.

खबर आली ती फोटोच्या दुकानातून. धुवायला आलेल्या रोलमधला एक फोटो तिथल्या बाईंनी वेगळा काढून ठेवला होता. पाटावर एक भलंमोठं रिव्हॉल्व्हर, शेजारी मायक्रोमीटर आणि नट-बोल्ट आवळायचे पाने, सगळ्यावर झेंडूची फुलं आणि हळदकुंकू. माझ्या वरिष्ठांना तो एखाद्या टोळीचा शपथविधी वाटला. मी बघताक्षणी सांगून टाकलं, ही खंडेनवमी आहे, या दिवशी आम्ही हत्यारं आणि अवजारं पूजतो. हुशारी दाखवायची हौस मलाही होतीच. केस माझ्याच गळ्यात पडली.

रोल एका मराठी मरीन इंजिनिअरचा निघाला. वय चाळिशीच्या आतलं, तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी, फ्लॅटमध्ये नवरा-बायको दोघंच. मोठ्या कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरांचं त्याला वेड होतं. लायसन्सवर तीन घेतली होती, पण नियमाप्रमाणे ती नेमबाजी क्लबच्या शस्त्रागारात कुलपात राहत. मालकाने शनिवार-रविवारी यायचं, रेंजवर झाडायची, पुसून परत द्यायची. घरी नेणं म्हणजे बेकायदा शस्त्र बाळगणं, आणि त्याला शिक्षा तुरुंग आणि वेताचे फटके.

शस्त्रागाराच्या रजिस्टरमध्ये खोट नव्हती. तिन्ही रिव्हॉल्व्हरं जागेवर होती. फोटोतलं नकली आहे एवढं जरी तो म्हणाला असता, तरी आमचे हात रिकामे राहिले असते. दोन तास इंग्रजीत विचारलं, तो गप्पच. बडबड्या आरोपी कुठे ना कुठे अडकतो, गप्प बसणाऱ्याचं काही करता येत नाही.

मग मी कॉफी मागवली आणि मराठीत बोलू लागलो. केसबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझे वडील बंदरावर फिटर होते, आमच्याकडेही पाने-पकडी पाटावर मांडत, हे सांगितलं. ते खरंच होतं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, चव्वेचाळीस कॅलिबरचा धक्का मनगटाला बसतो की खांद्याला? माणूस खुलला. वजन, पकड, सिलिंडर फिरतानाचा आवाज, त्याला किती सांगू आणि किती नको असं झालं.

“साहेब, तुम्हाला म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “ज्याच्यावर जीव आहे ते क्लबात आणि पूजेला नुसते पाने, हे मनाला पटेना. दोन दिवसांसाठी आणलं. दसऱ्याला परत ठेवलं. गोळी एकही नव्हती.”

शस्त्रागारात परत देताना रिव्हॉल्व्हरची पेटी हलकी लागू नये म्हणून त्याने आत तेवढ्याच वजनाचा पाना ठेवला होता. शस्त्रागारातला म्हातारा पेटी उघडून बघत नसे, उचलून फळीवर ठेवत असे. हे सांगून झाल्यावर तो हळहळला, मुठीच्या स्क्रूच्या खाचेत कुंकू गेलंय, ब्रशनेही निघत नाही. आपण पुरावा हातात देतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला काळजी होती ती रिव्हॉल्व्हरची.

“काळजी करू नका,” मी म्हणालो, “मी बघतो.”

आणि बघितलं. तासाभरात शस्त्रागारात जाऊन स्क्रू काढला, पाकिटात घालून सील केला, मुद्देमालात नोंदवला. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

त्याला काही वर्षांचा तुरुंग झाला आणि फटकेही. बायकोचा इथे राहण्याचा पास त्याच्या नोकरीवर होता, तिला परत जावं लागणार होतं. कोर्टाच्या जिन्यात तिने मला थांबवलं. रडत नव्हती.

“शिक्षेबद्दल काही म्हणत नाही,” ती म्हणाली. “त्यांच्याशी मराठीत बोललात ते कशासाठी, एवढंच सांगा.”

मला उत्तर माहीत होतं. मी मान खाली घालून जिना उतरलो.

कायदा चुकला असं मी आजही म्हणणार नाही. त्याच कडकपणामुळे माझ्या मुली या शहरात निर्धास्त फिरल्या. पण लोक समजतात तसा माणूस दरडावल्यावर कबूल होत नाही. समोर आपलं कोणी बसलंय असं वाटलं की होतो. हे मी त्या केसमध्ये शिकलो. लाज वाटून तिथेच थांबलो असतो तर आज इतका कडवटपणा उरला नसता. निवृत्त होईपर्यंत मी तेच करत राहिलो, आणि प्रत्येक वेळी ते लागू पडलं.