वाघमारे काकांनी शोधलेली ओळ

वाघमारे काका आज सकाळी गेले. गोडदेवच्या आमच्या सोसायटीत करार शेवटपर्यंत वाचणारा एकमेव माणूस गेला.

बाकी आम्ही सगळे सुशिक्षित. सही कुठे करायची, एवढंच विचारतो.

रिडेव्हलपमेंटच्या वेळी बिल्डरच्या वकिलाने सुधारलेला ड्राफ्ट मेल केला. वर्ड फाइल, ट्रॅक चेंजेस चालू. "लाल दिसतंय तेवढेच बदल," म्हणाला.

तपासायचं काम माझ्याकडे. का, तर मी लिहितो.

मी लाल तेवढं वाचलं आणि ग्रुपवर टाकलं : चेक्ड. ऑल ओके.

तळमजल्यावरच्या फिलोमिना आंटी जिन्यात भेटल्या. मूळच्या चौक गावच्या, सुकी मासळी विकतात.

"माजा नाव हाय ना रं त्यान?"

"आहे हो आंटी. यादीत पहिल्यापासून आहे."

संध्याकाळी काका आले. आयुष्यभर कोर्टात टायपिस्ट.

"जुनी फाइल आहे ना? उघड."

"काका, त्यांनी सगळं लाल केलंय की."

"त्यांनी केलंय. म्हणूनच म्हणतोय."

रिव्ह्यूमध्ये जाऊन कम्पेअर. आधीची फाइल इकडे, नवी तिकडे. हे बटण मी कधी दाबलंच नव्हतं.

दोन्हींतला फरक दाखवणारी तिसरी फाइल उघडली. तिच्यात वकिलाने दाखवलेले नऊ बदल होते.

आणि एक दहावा.

नवीन घर मिळणाऱ्यांच्या यादीतली एक अख्खी ओळ गायब. खोली नंबर दोन. फिलोमिना आंटी.

ट्रॅकिंग बंद असताना कोणीतरी ती काढली होती. चुकून की मुद्दाम, मला अजून कुतूहल आहे. काकांना तेव्हाही नव्हतं.

"ते नंतर शोध. आधी ओळ परत घालून घे."

"पण तुम्हाला संशय कसा आला?"

"संशय कसला? साहेब म्हणायचे, फक्त तारीख बदललीय, परत टाइप करा. मी दरवेळी जुना कागद शेजारी ठेवून सगळं ताडून बघायचो. आता मशीन बघतं, तर तुम्हाला बटण दाबायचा कंटाळा."

ओळ परत आली. मीटिंगमध्ये कोणीतरी खवचटपणे विचारलं, मग ते ऑल ओके कोणाचं होतं?

मी पंख्याकडे बघत होतो.

काका म्हणाले, "आम्ही दोघांनी बसून तपासलं. तेव्हाच सापडलं."

त्या रविवारी आंटींनी आम्हा दोघांना बोंबील खायला घातले. मी मागून मागून खाल्ले.

आंटी, नातीकडून हे वाचून घ्या. मी तपासलं नव्हतं. न बघताच तुम्हाला हो म्हणालो होतो. तुमचं घर एकट्या काकांनी वाचवलं.

काका, हे तुमच्यासमोर सांगायचं होतं. राहिलं.

शेवटचा जयभीम.